पायांनी वाजवायचा पियानो

ताई,

तुमचा पियानो अजून माझ्याकडे आहे. पुढच्या खोलीत, खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ न टेकवता, तुम्ही सांगितलं होतं तसाच. त्याच्या भोकाभोकांच्या कागदी गुंडाळ्याही आहेत. पत्र्याच्या डब्यांत, वेखंडाच्या पुरचुंड्या घालून. पावसाळ्यात मी त्या खोलीची खिडकी उघडत नाही, उन्हाळ्यात कूलरचं तोंड तिकडे करत नाही, आणि गावाला गेलेच तर दोन दिवसांत परत येते, कारण एकदा चार दिवस राहिले तर उंदराने एका डब्याचं झाकण ढकलून आत घर केलं होतं. मुलगा पुण्याला असतो. रोज संध्याकाळी फोन करतो आणि विचारतो, आई, कधी येतेस कायमची? मी म्हणते, बघू. हे 'बघू' तोंडातून निघालं की मला तुमचा राग येतो. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण आज दुपारी कुणी यायचं नाही, स्वयंपाकाचा पसारा आवरून झालाय, तर म्हटलं एकदा सगळं सांगून टाकावं.

मी लग्न होऊन नागपूरहून भोपाळच्या आनंद नगरात आले, तेव्हा आमच्या घरात तीन खोल्या होत्या आणि एकाही खोलीचं दार बंद होत नसे. दारं होती, पण ती लावायची पद्धत नव्हती. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायच्या आणि मी पोळ्या लाटत असताना माझ्या हातांकडे बघायच्या. वाईट नव्हत्या त्या. सासरे सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, तेव्हा त्याही अशाच कुणाच्या तरी नजरेखाली पोळ्या लाटत आल्या असणार. यजमान बँकेत जात, संध्याकाळी येत, जेवून पेपर वाचत. मला भोपाळमध्ये दोनच रस्ते माहीत होते, एक दुधाच्या डेअरीचा आणि एक देवळाचा. देवळाच्या रस्त्यावर तुमच्या भावाचं घर होतं. तो कारखान्यात होता, आणि पुढची एक खोली त्याने तुम्हाला दिली होती.

त्या दिवशी मी देवळातून परत येत होते. तुमच्या खिडकीतून काहीतरी वाजत होतं, जोरात आणि घाईघाईने, आणि मग ते मंद होत होत मधेच बंद पडलं. मी फाटकाशी थांबले. तुम्ही खिडकीतून मला बघितलं आणि नाव-गाव काही न विचारता म्हणालात, "अशी उभी काय राहिलीस? आत ये. पाय धड आहेत ना तुझे?" मी गोंधळून हो म्हटलं. तुमचे गुडघे तेव्हाच सुजलेले होते. तुम्ही मला त्या उंच स्टुलावर बसवलंत, खाली दोन पायपट्ट्या होत्या, शिवणयंत्राला असते तशा पण दोन वेगवेगळ्या, आणि म्हणालात, एक पाय, मग दुसरा, आराम से. मी पाय मारायला लागले. समोर, डोळ्यांच्या उंचीवर, भोकं पडलेला कागद एका पितळी पट्टीवरून खाली सरकू लागला. आणि माझ्या हातांखाली, मी हात लावलेले नसताना, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकेक करून खाली जायला लागल्या. मी हात छातीशी घेतले. तुम्ही हसलात. कुणीतरी विलायतेत बसून वाजवलं, त्याची बोटं जिथे पडली तिथे कागदाला भोकं पाडली, आता तो माणूस नाही, पण तू हवा भरलीस की त्याची बोटं परत पडतात, असं तुम्ही सांगितलंत. मला भीती वाटली होती, पण पाय थांबले नाहीत.

तुमची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. महूच्या छावणीत तुमचे वडील साहेबांच्या क्लबात हिशेबनीस होते. लहानपणी त्यांचा डबा द्यायला तुम्ही मागच्या दारापर्यंत जायचात. पुढे जायची मनाई होती. जाळीच्या दारातून एकदा तुम्हाला रिकाम्या हॉलमध्ये हा पियानो दिसला. खानसामा गंमत म्हणून पाय मारत होता आणि पट्ट्या आपोआप नाचत होत्या. पुढे तुम्ही भोपाळला मिशनच्या शाळेत गाणं शिकवायला लागलात. मग कधीतरी त्या क्लबाचं सामान भंगारात निघाल्याचं कळलं, तेव्हा तुम्ही शाळेतून रजा घेऊन गेलात आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून पियानो घेऊन आलात. भावाला वाटलं कपाट आणलंय. लग्न तुम्ही केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचात, हा येणार कुठल्या सासरी?

घरी मी सांगितलं की ताई पेटी शिकवतात. पेटी म्हटल्यावर सासूबाईंचा विरोध मावळला, कारण पेटी म्हणजे भजन. दुपारी सगळे आडवे झाले की मी तुमच्याकडे. तुम्ही मला एकही सूर शिकवला नाहीत. मी पाय मारायचे, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, मग गुंडाळी उलटी फिरवून कुठे फाटलीय ते बघायचात. पतंगाचा कागद आणि तांदळाची खळ. दोन भोकांमधली चीर बुजवायची, पण भोकाच्या कडेवर केसभरही कागद येऊ द्यायचा नाही. पहिल्यांदा एक लांब फाटलेली गुंडाळी तुम्ही मला एकटीला दिलीत, तेव्हा मी यजमानांच्या टेबलावरची चिकटपट्टी आणून पाच मिनिटांत काम उरकलं आणि मोठ्या कौतुकाने तुम्हाला दाखवलं. तुम्ही ओरडला नाहीत. गुंडाळी मांडीवर घेतलीत आणि म्हणालात, "तुला घरी जायची घाई असेल तर जा. इथे घाईने काही करायचं नाही." मला रडू आलं, कारण घरी जायची घाई मला कधीच नव्हती. ती चिकटपट्टी तुम्ही पुढे किती दिवस, ओला कापूस लावून लावून काढत होतात.

आणि ते भजनाचं प्रकरण. चैत्रातलं हळदीकुंकू होतं, घरात बायका जमल्या होत्या, आणि सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, "वर्ष झालं शिकून राहिली, एखादं म्हण नं." शेजारच्या काकूंनी पेटी पुढे सरकवली. मी तिच्यासमोर बसले. कुठल्या पट्टीला सा म्हणतात तेही मला धड ठाऊक नव्हतं. तेवढ्यात तुम्ही, कधी कुणाच्या हळदीकुंकवाला न जाणाऱ्या, काठी टेकत दारातून आत आलात. एका नजरेत तुम्हाला सगळं समजलं. खुर्चीवर बसून, पन्ह्याचा पेला हातात घेऊन, तुम्ही सासूबाईंना शांतपणे सांगितलंत की मुलीचा आवाज फार चांगला आहे, पण गळा नाजूक आहे, मी तिला वर्षभर गायला बंदी केली आहे, फक्त बोटं तयार करून घेतेय, आणि बोटं पण सगळ्यांसमोर नाही, नजर लागते. सासूबाईंनी मान डोलावली आणि मला वाटली डाळ परत वाढायला पाठवलं. स्वयंपाकघरात जाऊन मी पदर तोंडात धरून हसले. आनंद नगरातल्या त्या घरात मी पोटभर हसले असेन तर तेवढीच एकदा.

तुमच्याबरोबर मी जुनं भोपाळ पाहिलं. तिथल्या एका जरीकाम करणाऱ्याकडे असल्याच भोकांच्या कागदांचे गठ्ठे आहेत, असं तुमच्या कबाडीवाल्याने सांगितलं होतं. जरीवाले कागदावर नक्षीची भोकं पाडून त्यातून कापडावर पूड चोळतात, त्याला ते खाका म्हणतात. कुठल्याशा जुन्या बंगल्याच्या सामानातून त्याला या गुंडाळ्या मिळाल्या होत्या, नक्षी समजून त्याने घेतल्या, आणि कापडावर नुसत्या रेघा आणि ठिपके उमटल्यावर वैतागून माळ्यावर टाकल्या. तुम्ही त्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायलात आणि त्याला एवढंच म्हणालात, "भाईजान, ये फूल-पत्ती नहीं है, गाना है." तो म्हणाला, गाना है तो ले जाइए, हमारे किस काम का. टेंपोत मी मांडीवर गठ्ठा घेऊन बसले होते आणि माझ्या साडीभर निळी पूड सांडली होती.

त्यांतली एक गुंडाळी छापील नव्हती. कुणीतरी घरी बसून, चाकूने, एकेक भोक कापलं होतं. कडा वाकड्या होत्या. आपण ती चढवली आणि आतून एक आपलं पद निघालं, सकाळचं, भूपाळीच्या चालीचं. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या कुठल्या तरी मराठी घरातलं असणार, तुम्ही म्हणालात, आणि कापणारी बाई असणार. मी विचारलं कशावरून, तर म्हणालात, इतका वेळ एका खोलीत बसून राहायची सक्ती आणखी कुणाला असते? पद सुंदर नव्हतं. जिथे गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, तिथे पियानो नुसता दोन पट्ट्या ठोकत होता. तुम्ही मान हलवलीत. "मधे जायला हिला वाटच नाही," एवढं बोललात आणि मला परत पहिल्यापासून लावायला सांगितलंत. ती दुपार आपण त्या एकाच गुंडाळीवर घालवली.

मग माझा मुलगा झाला, थोडा मोठा झाला, सासू-सासरे नागपूरला थोरल्या दिरांकडे राहायला गेले. तुमचा भाऊ वारला. त्याच हिवाळ्यात तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि पुन्हा उभ्या राहिला नाहीत. भाच्याने तुम्हाला मागच्या खोलीत हलवलं. त्याला तरी काय बोलायचं, त्याची दोन मुलं शिकत होती, अभ्यासाला जागा नव्हती. मी यायचे, पुढच्या खोलीत पाय मारायचे, आणि मधलं दार उघडं ठेवायचे म्हणजे तुम्हाला ऐकू येईल. एक दिवस आले तर पियानो पडवीत, अंगावर प्लास्टिक टाकलेला, आणि डबे एकावर एक रचलेले. मी आत आले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून होतात. वळून न बघता म्हणालात, "तू घेऊन जा."

मी म्हटलं, घरी विचारते.

"विचारू नकोस," तुम्ही म्हणालात. "विचारलं की लोक नाही म्हणतात. सांग, की तो येतोय."

ताई, लग्नानंतर मी घरात कधी काही सांगितलं नव्हतं. विचारलं होतं, नेहमीच. त्या संध्याकाळी यजमान जेवायला बसले, मी दुसरी पोळी वाढली आणि म्हटलं, ताईंचा पियानो आपल्याकडे येतोय. ते जेवायचे थांबले. कुठे ठेवणार, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपण बाग सेवनिया कॉलनीत घर बघतोच आहोत, तर तळमजल्याचं बघू, पुढची खोली त्याला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू स्वयंपाकघरात दुसरीच कुणी बाई उभी आहे. मग म्हणाले, "बरं." एवढंच. आणि पोळीचा तुकडा मोडला. मी तिसरी पोळी वाढली.

नव्या घरात आणताना हमालांनी तो पायरीवर आपटला. शाळेतल्या पियानोंची दुरुस्ती करणारा एक म्हातारा होता, त्याला बोलावलं, तर आतला चामड्याचा भाता एका बाजूने उसवला होता. त्याने तो शिवला, डिंक लावला आणि हात जोडून म्हणाला, बहनजी, आता याला इथून हलवू नका, पुढच्या वेळी वाचणार नाही. हे मी तुम्हाला येऊन सांगितलं, भीत भीत. तुम्ही भात्याबद्दल काही विचारलं नाहीत. आवाज कसा येतो तेही नाही. तुम्ही विचारलंत, "त्या खोलीला आतून कडी आहे?" मी हो म्हटलं. "मग झालं," म्हणालात आणि डोळे मिटलेत. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

आता राग कशाचा ते सांगते. काही वर्षांनी यजमानांना नागपूरची बदली मिळत होती. नागपूरला माझी आई होती, एकटी, धंतोलीतल्या दोन खोल्यांत. यजमान म्हणाले, तू म्हणशील तसं. आणि मी पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिले. भाता, गुंडाळ्या, म्हाताऱ्याचे जोडलेले हात. मी बाहेर येऊन सांगितलं, पियानो हलवता येत नाही. बदली दुसऱ्या कुणाला तरी गेली. आई आजारी पडली तो पावसाळा होता, गुंडाळ्यांना ओल धरायची वेळ. मी जायचे, दोन दिवस राहायचे, परत यायचे. आईने शेवटी शेवटी मला ओळखणं सोडून दिलं. शेजारच्या बाईने मला विचारलं, इतकं काय असतं हो तुमच्या भोपाळात? परतीच्या गाडीत मी तुम्हाला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्ही स्वतः आयुष्यभर एका खोलीत राहिलात आणि जाताना ती खोली माझ्या गळ्यात बांधलीत. यजमान गेले, मुलगा पुण्याला गेला, बहिणी एकमेकींबरोबर सहलींना जातात, आणि मी इथे दर श्रावणात कसर लागलेल्या कागदावर फुंकर मारत बसते. कुणी ऐकायला येत नाही. ऐकण्यासारखं तरी काय आहे, विलायतेतले नाचाचे तुकडे, ज्यांवर नाचणारे कधीच संपले.

या वर्षी एक मुलगी आली. जुनी वाद्यं दुरुस्त करते, अशा गुंडाळ्यांची संगणकावर नक्कलही उतरवते. कुणाकडून तरी तिला पत्ता लागला होता. महाराणा प्रताप नगरात एका हॉटेलात उतरली होती आणि रोज सकाळी रिक्षाने यायची. तिने पियानोचं पुढचं दार काढलं, आतल्या नळ्या साफ केल्या, म्हाताऱ्याने शिवलेल्या भात्यावर नवं चामडं चढवलं. तुमची प्रत्येक गुंडाळी तिने आपल्या यंत्रावरून फिरवली. तुमची पतंगाच्या कागदाची ठिगळं बघून ती थांबायची आणि बोट फिरवायची. विचारलं कुणी केलं, तर मी सांगितलं, आमच्या ताईंनी. काही माझीही होती, पण ती ओळखू येत नव्हती. जायच्या दिवशी तिने लॅपटॉप उघडला आणि एक कळ दाबली. चाकूने कापलेलं ते पद वाजायला लागलं. पाय न मारता, हवा न भरता. मी स्टुलावर बसले होते आणि माझे पाय नुसतेच हलत होते.

ती सामान भरत होती तेव्हा मी चहा केला. कपाला हात लावत ती म्हणाली, काकू, आता तुम्ही निर्धास्त राहा, सगळं उतरवून झालंय, उद्या कागदाला काही झालं तरी संगीत जात नाही. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, एकट्याच असता का? मी म्हटलं, मुलगा पुण्याला बोलावतोय, पण हा हलवता येत नाही. ती हसली. म्हणाली, कोण म्हणालं? आतला संच वेगळा काढायचा, लाकडी खोक्यात भरायचा, मी स्वतः येऊन करून देईन, पुण्याला काय, कुठेही नेता येईल.

तिला रिक्षात बसवून मी आत आले आणि पुढच्या खोलीत गेले. दार लावलं. संध्याकाळ होईपर्यंत तिथेच होते, काही वाजवलं नाही. बाहेर कॉलनीतली पोरं क्रिकेट खेळत होती. मला वाटलं होतं की सुटका झाली म्हणजे एकदम हलकं वाटेल, बॅग भरावीशी वाटेल. मुलाच्या घरी माझी खोली आहे, छान आहे, बाराव्या मजल्यावर. नातू तिथे अभ्यास करतो, सून तिथे इस्त्री करते, आणि दार उघडंच असतं सगळ्यांना यायला-जायला. सून गुणी आहे, तिचं काही चुकत नाही. मी तिथे गेले की सकाळी विचारते, आज काय करू? दुपारी विचारते, टीव्ही लावू का? नागपूरला गेले असते तर दिरांच्या घरात सासूबाईंच्या पाटाशेजारी आणखी एक पाट पडला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. आईसाठी जीव तुटत होता, हे खरं आहे, आणि तो पाट मला नको होता, हेही खरं आहे.

साडेसातला फोन आला. मुलगा म्हणाला, आई, ती पियानोवाली मुलगी गेली का? काय म्हणाली? मी म्हटलं, गेली, चांगली होती, भाता नवीन करून दिलाय. आणि हलवायचं? त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही म्हणाली. हलवता येत नाही.

खोटं बोलले, ताई. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही हा कागद पोचायचा नाही, म्हणूनच लिहिलं.